पावतीवरची फॅट

सकाळचे सहा वाजत आलेत. फलटण तालुक्यातली, नीरा उजव्या कालव्याच्या कडेची एक वस्ती. धारा उरकत आल्या आहेत, कॅनची झाकणं आदळताहेत. पत्र्याच्या गोठ्यात नऊ गाई दावणीला आहेत आणि त्यातल्या आठ जणींची तोंडं गव्हाणीत आहेत. नववी मान ताठ धरून समोरच्या भिंतीकडे बघत उभी आहे. तिच्या पुढ्यात मुरघास आहे, वर मक्याचा भरडा आणि सरकी पेंड. भरड्यावर तिच्या नाकपुड्यांचा ओलसर ठसा उमटलाय, पण जिभेचा एकही ओरखडा नाही.

चांदी तिचं नाव. काळीपांढरी होल्स्टीन संकरित, तिसऱ्या वेताची. व्याल्याला आज सोळावा दिवस.

“परवापासनं पेंडीला तोंड लावंना,” घरातल्या आजी सांगतात. “कडबा टाकला तर दोन काड्या वडती. पेंड नुसती हुंगायची आन् मान फिरवायची.”

डॉक्टर काही न बोलता आधी तिच्या मागं जातात आणि शेण बघतात. घट्ट, काळपट, वरून चिकट थर असलेलं. मग थर्मामीटर लावतात. १०१.४, म्हणजे ताप नाही. कास हातानं चाचपतात, चारी सडांच्या दोन-दोन धारा काढून बघतात. दुधात गाठ नाही, कासदाह नाही. डाव्या भकाळीत मूठ रोवून ते डोळे मिटतात. निरोगी गाईचं मोठं पोट मिनिटाला एक-दोन वेळा तरी आतून मुठीला ढकलतं. दोन मिनिटं जातात, एकदाच काहीतरी हलतं, तेही मरगळलेलं. मग स्टेथोस्कोप बरगड्यांवर टेकवून ते बोटानं टिचक्या मारत मागंपुढं सरकतात. चौथं पोट हवेनं फुगून जागा सोडून डाव्या अंगाला चढलं असेल, तर टिचकीला धातूवर टण्ण वाजल्यासारखा आवाज येतो. तो येत नाही. डॉक्टरांचा चेहरा जरासा सैल होतो.

मालक कॅन गाडीला लावून आत येतात. हातात डेअरीच्या पावत्या. “डॉक्टर, दूध कमी झालंय हे खरं. चोवीस देत हुती, काल सतरावर आली. पण फॅट बघा की! मुद्दाम हिचं दूध येगळं नेलं काल. चार-आठ लागली. ह्या गाईला आजवर तीन-सहाच्या वर कवा लागली न्हाई.”

महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) या मापाभोवती फिरतो. त्यामुळं पावतीवर ४.८ हा आकडा दिसला की गोठ्यात कुणालाही बरंच वाटणार. पेंडीचा खर्च अंगी लागला, असंच वाटणार.

“दादा,” डॉक्टर शांतपणे म्हणतात, “ही फॅट तुमच्या पेंडीतून आलेली नाही. पेंड तर ती खातच नाहीये. ही तिच्या अंगावरची चरबी आहे. ती वितळून कासेत उतरतेय आणि तुमच्या कॅनमध्ये जातेय.”

मालक पावतीकडं बघतात, मग गाईकडं बघतात.

मला डॉक्टर खूण करून पुढं बोलावतात. “तिच्या तोंडाजवळ जा. वास येतो का बघा.” मी म्होरकी धरून वाकते. मुरघासाचा आंबूस वास आहे, त्याच्या आत दुसरा एक, गोडसर आणि नाकात चढणारा. ॲसिटोन. नखांचा रंग पुसायच्या द्रवात असतं तेच. हा वास सगळ्यांनाच येतो असं नाही, काही नाकांना तो कळतच नाही. मालक दोनदा हुंगून मान हलवतात. त्यांची बायको मात्र घमेलं खाली ठेवते आणि म्हणते, “मला काल धार काढतानाच आला. दुधालाबी येतोय. मी म्हणलं, भांडं नीट धुतलं नसंल.”

धार काढणारीच्या नाकाला जे एक दिवस आधी कळलं, ते विचारायला कुणी नव्हतं. पावती मालकाच्या नावावर निघते, फॅटचा आकडा मालकाला कळतो. गाय मात्र बाईच्या हाताखाली असते. गावोगाव हे असंच आहे.

आता मूत्र हवं. आजी पुढं होतात, शेपटी बाजूला धरून योनीच्या खालच्या कातडीवर बोटांनी हलकेच घासत राहतात. मिनिटभरात गाय पाठ वाकवते. डॉक्टर कपात थोडं धरतात, पांढऱ्या भुकटीची चिमूट फरशीच्या तुकड्यावर ठेवतात आणि त्यावर दोन थेंब सोडतात. रोथेरा नावाच्या शास्त्रज्ञानं १९०८ साली सांगितलेली ही परीक्षा. भुकटीत सोडियम नायट्रोप्रुसाइड आणि अमोनियम सल्फेट असतं. मूत्रात कीटोन असतील तर रंग जांभळा होतो. इथं वाट बघावीच लागत नाही. थेंब पडतो तिथून जांभळा डाग पसरत जातो आणि बघता बघता गर्द होतो.

शेपटीच्या खालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेऊन डॉक्टर तो हातातल्या छोट्या यंत्राच्या पट्टीला लावतात. हे यंत्र माणसांच्या मधुमेहासाठी बनलेलं आहे, गाईलाही चालतं. दहा सेकंद. आकडा येतो २.९. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, थोडक्यात बीएचबी, मिलिमोल प्रतिलिटर. १.२ च्या पुढं गेलं की गाय आतून आजारी समजायची, बाहेरून काही दिसत नसलं तरी.

“किटोसिस,” डॉक्टर सांगतात. “पुस्तकात कितनबाधा म्हणतात.”

मालकांचा प्रश्न सरळ आहे. “पण झाला कशानं? खायला कमी न्हाई पडू दिलं मी.”

सलाईनची बाटली वाशाला टांगता टांगता डॉक्टर उत्तर देतात, आणि ते उत्तर ऐकण्यासाठीच मी इथवर आले आहे.

गाय विते आणि कास एकदम मागायला लागते. एक लिटर दुधातली साखर बनवायला सुमारे ७० ग्रॅम ग्लुकोज लागतं. चोवीस लिटर देणारी गाय रोज दीड किलोहून जास्त ग्लुकोज नुसतं कासेला पुरवते. आणि रवंथ करणाऱ्या जनावराला खाण्यातून थेट साखर जवळजवळ मिळतच नाही, कारण ती पोटातले सूक्ष्मजीव आधीच आंबवून टाकतात. त्यातून जी आम्लं तयार होतात, त्यांतल्या प्रोपिओनेटपासून यकृत बसून ग्लुकोज घडवतं. म्हणजे सगळी मदार खाण्यावर, आणि त्या खाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यकृतावर. पण व्यालेल्या गाईची भूक सावकाश वाढते. दुधाचं शिखर चौथ्या ते आठव्या आठवड्यात येतं, खाण्याचं शिखर दहाव्या-बाराव्या आठवड्यात. मधले ते सारे दिवस गाय तोट्यात असते. हा तोटा भरून काढायला अंगावरची चरबी वितळते आणि स्निग्धाम्लं होऊन रक्तात येते. तिथपर्यंत सारं निसर्गाच्या नियमानंच चाललेलं असतं. वासरू जगवण्यासाठी प्रत्येक आई थोडीफार झिजतेच.

“मग बिघडतं कुठं?” मी विचारते.

डॉक्टर मालकांकडं वळतात. “दादा, तुमच्याकडं गुऱ्हाळ होतं ना? चुलवणात चिपाड एकदम कोंबलं तर काय होतं?”

“जाळ बसतो. धूर कोंडतो.”

“हिच्या यकृतात तेच झालंय. चरबी एकदम आलीय. सगळी जाळायला लागणारा जोर नाही, कारण खाणं नाही. अर्धवट जळलेली चरबी कीटोन होऊन रक्तात, मूत्रात, दुधात जातेय. आणि जी जळतही नाही, ती यकृतातच साठतेय.”

गाईच्या यकृताची एक अडचण जन्मजात आहे. साठलेली चरबी पुड्या बांधून परत रक्तात पाठवण्याचं काम ते फार हळू करतं. म्हणून चरबी साचत जाते, यकृत फुगतं, मळकट पिवळं होतं. मग ग्लुकोज आणखी कमी बनतं, गाय आणखी कमी खाते, चरबी आणखी वितळते. एकदा हे चक्र धरलं की गाय आपणहून त्यातून निघेल याचा भरवसा नसतो.

सुई मानेच्या शिरेत बसते. २५ टक्के डेक्स्ट्रोज, पाचशे मिलीच्या दोन बाटल्या. डॉक्टर थेंब मुद्दाम हळू ठेवतात, शिरेबाहेर गेलं तर मान सुजेल. मी मनात हिशेब करते. दोन बाटल्यांत अडीचशे ग्रॅम ग्लुकोज. काल तिनं सतरा लिटर दूध दिलं, म्हणजे बाराशे ग्रॅमच्या आसपास नुसतं कासेत गेलं. ही दोन बाटल्यांची साखर कासेला चार-पाच तास पुरेल, त्यातलीही काही मूत्रावाटे निघून जाईल. सलाईन लावली की घरच्यांना हायसं वाटतं, आणि गाय तासाभरात टवटवीत दिसूही लागते. पण उद्या ती पुन्हा अशीच उभी राहणार नाही, याची हमी ह्या बाटलीत नाही.

“मी गूळ पाजला हुता की,” आजी म्हणतात. “अर्धा किलो, पाण्यात कालवून. मेथीबी शिजवून घातली.”

डॉक्टर आजींचा मान राखून सांगतात. गूळ माणसाला लगेच शक्ती देतो, कारण आपलं पोट एकच आहे. गाईच्या मोठ्या पोटात तो आधी सूक्ष्मजीवांच्या तोंडी पडतो. त्यातून ब्युटिरेट बरंच तयार होतं, आणि त्याचा पुढं कीटोनच होतो. त्यापेक्षा प्रोपिलीन ग्लायकॉल पाजायचं. रोज तीनशे मिली, पाच दिवस. त्यातलं काही पोटातून तसंच रक्तात जातं, काहीचं प्रोपिओनेट होतं, आणि यकृत त्याचं ग्लुकोज करतं. डॉक्टर ग्लायकॉलचा कॅन मालकांच्या हातात देऊन स्वतः पहिला डोस पाजून दाखवतात. मान फार वर करायची नाही, जीभ ओढायची नाही, ठसका लागला की लगेच सोडून द्यायचं. फुप्फुसात गेलं तर गाय हातची जाईल. मालकांच्या बायकोला ते दुसऱ्यांदा करून दाखवतात, कारण उद्या पाजणारी तीच आहे. मग बी-१२ असलेलं इंजेक्शन देतात. प्रोपिओनेटचं ग्लुकोज होण्याच्या वाटेवर बी-१२ लागतं, आणि ते गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव कोबाल्टपासून तयार करतात.

“कोबाल्ट कशात असतं?” असं विचारून डॉक्टर गोठ्याच्या दारालगतच्या कट्ट्याकडं बोट दाखवतात.

त्या कट्ट्यावर बरंच काही आहे. बायपास फॅटची वीस-पंचवीस किलोची गोणी, अर्धी संपलेली. यकृताच्या टॉनिकच्या दोन बाटल्या. कॅल्शियमचा कॅन. दूध वाढवतं म्हणून कुणी विक्रेत्यानं दिलेली एक पुडी, जिच्यावर घटकांची यादीच नाही. आणि कोपऱ्यात खनिज मिश्रणाची पिशवी, तोंड शिवलेलं तसंच. कोबाल्ट त्या न उघडलेल्या पिशवीत आहे. सगळ्यांत स्वस्तही तीच.

डॉक्टर एकेक वस्तू उचलतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण आज दुधाच्या पट्ट्यात जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असा एक कट्टा आहे, आणि त्यावर किती पैसे जातात याचा हिशेब क्वचितच कुणी मांडतो.

बायपास फॅटची गोणी. ही चीज चांगली आहे. साधं तेल किंवा चरबी जास्त घातली तर पोटातल्या तंतू पचवणाऱ्या जंतूंवर ती थर धरते आणि चारा पचेनासा होतो. म्हणून स्निग्धाम्लं कॅल्शियमशी बांधतात. मोठ्या पोटात ती बांधलेलीच राहतात, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटी होतात आणि पुढं आतड्यात शोषली जातात. दिवसाला शंभर-दोनशे ग्रॅम, दुधाप्रमाणे. मालक व्याल्या दिवसापासून दोनशे ग्रॅम देताहेत. चांदी झिजू नये हाच हेतू.

“आत्ता थांबवा,” डॉक्टर म्हणतात. “हिच्या रक्तात चरबी कमी पडली म्हणून ती आजारी नाही. चरबी जास्त झालीय आणि ग्लुकोज नाही. चरबीपासून गाईला ग्लुकोज करता येत नाही. वरून फॅट घातली तर भूक आणखी मंदावेल. ती नीट खायला लागू द्या, तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग सुरू करा. तेव्हा पैसे वसूल होतील.”

टॉनिकच्या बाटलीवर ते मागची बारीक अक्षरं वाचतात. कोलीन आहे. यकृतातली चरबी बाहेर काढणाऱ्या पुड्यांना जो वेष्टनाचा पदार्थ लागतो, तो कोलीनपासून बनतो. म्हणून कोलीनला अर्थ आहे. पण साधं कोलीन पाजलं तर मोठ्या पोटातले जंतू ते खाऊन टाकतात, यकृतापर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी आवरण दिलेलं, पोटात टिकणारं कोलीन लागतं, आणि तेही विण्याआधी तीन आठवडे ते व्याल्यावर तीन आठवडे द्यायचं असतं. गाय पडल्यावर नव्हे. ही बाटली आवरणाची नाही. डॉक्टर ती खाली ठेवतात. घटक न छापलेली पुडी ते मालकांना थेट उकिरड्यात टाकायला लावतात आणि मालक टाकतातही.

एव्हाना दुसरी बाटली अर्ध्यावर आली आहे. चांदी कान हलवते, जिभेनं नाकपुडी चाटते. डॉक्टर तिच्या शेपटीच्या बुंध्याशी हात नेतात आणि मलाही हात लावायला सांगतात. बुंध्याच्या दोन्ही बाजूंना खळगा हवा, तिथं अजूनही चरबीची गादी लागते. कमरेच्या आडव्या हाडांची टोकं दाबल्याशिवाय सापडत नाहीत. सोळा दिवस झिजूनही ही गाय जाड आहे. १ ते ५ च्या मापात विताना ३.२५ ते ३.५ असावं, ही चारच्या वर असणार.

“किती दिवस आटलेली होती?”

मालक आठवतात. गेल्या वेताला ती सारखी उलटत राहिली, गाभण राहायला फार उशीर झाला. दूध आटलं, आणि विण्याला चार महिने बाकी होते. ह्या चार महिन्यांत ती दुभत्या गाईंच्याच ओळीत बांधलेली होती, त्यांच्याच घमेल्यातली पेंड खात होती. आटल्यापासून विण्यापर्यंत साधारण दोन महिने पुरतात. इथं दुप्पट झाले. जाड गाय व्याल्यावर कमी खाते, चरबी जास्त वितळवते. आजचा आजार तिला त्या चार महिन्यांतच लागलेला आहे.

आणि ओळीच्या शेवटी, उन्हाच्या तिरिपीत, त्याची उलटी बाजू उभी आहे. एक कालवड, पहिलारू, विण्याला तीनेक आठवडे बाकी. बरगड्या मोजता येतात. तिच्यापुढं नुसती उसाची वाढी पडलेली आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम चालू आहे, वाढी फुकटासारखी मिळतात. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्यावर चुन्याची निवळी शिंपडायला हवी, तीही शिंपडलेली नाही.

“तिला पेंड?” डॉक्टर विचारतात.

“दूध न्हाई तिला अजून,” मालक सांगतात. “व्याली की चालू करायची.”

डॉक्टर पहिल्यांदाच आवाज चढवतात. “दादा, व्याल्यावर एकदम तीन किलो भरडा घातला तर तिच्या पोटातल्या जंतूंना तो पेलायचा नाही. आजपासून एक किलो सुरू करा, तिसऱ्या आठवड्यापर्यंत तीनवर न्या. व्याल्यावर जो मुरघास खाणार, तोच आत्ता थोडा घाला. ती शिवलेली पिशवी उघडा. कॅल्शियमचा कॅन मात्र विण्याआधी लावू नका, नाहीतर विताना अंगातलं कॅल्शियम बाहेर काढायची तिची सवय मोडेल.” मग आजींकडं वळून म्हणतात, “आणि पाणी दोनदा दाखवून भागत नाही. तिच्यापुढं कायम असू द्या.”

मला आठवतं ते ह्या गाईंचं इथं येणं. ह्याच भागातली खिल्लार वासरापुरतं दूध द्यायची, तिला असा आजार शोधून सापडला नसता. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला बाएफ या संस्थेची स्थापना केली, विदेशी वळूंचं रेतन वाड्यावस्त्यांवर गेलं. पुढं राहुरीच्या कृषी विद्यापीठानं गीर, होल्स्टीन आणि जर्सी मिळून फुले त्रिवेणी घडवली. त्या कामानं कोरडवाहू घरांत दर दहा दिवसांनी रोख पैसा आणला, पोरं शिकली, आणि त्याचं मोल मी कमी मानत नाही. पण आपण कास मोठी केली आणि तिच्या गव्हाणीकडं तेवढं लक्ष दिलं नाही. संकरित गाय स्वतःचं पोट भरण्याआधी कास भरते. तिच्या रक्तातच ते आपण उतरवलं आहे. मग विण्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन आठवडे तिच्या पोटाची जबाबदारी आपल्याकडं येते, तिच्याकडं नाही.

सुई निघते. मालकांची बायको भरडा बाजूला सारून हिरवा लसूणघास पुढं टाकते. चांदी हुंगते, थांबते, आणि एक काडी ओढते. मग दुसरी. कुणी काही बोलत नाही. डॉक्टर वहीत लिहितात: पाच दिवस ग्लायकॉल, तिसऱ्या दिवशी पुन्हा मूत्र तपासणे, चौथं पोट सरकलं का ते बघणे. तपासणीची भुकटी ते एका डबीत भरून आजींच्या हाती देतात. जांभळा रंग ओळखायला डॉक्टर लागत नाही.

चांदीला वास आला, दूध पडलं, म्हणून फोन गेला. ज्या गाईचं बीएचबी दीडवर आहे, जी पेंडही खाते आणि रवंथही करते, तिच्यासाठी कुणीच फोन करत नाही. ती दोन लिटर कमी देते, तीन महिने माजावर येत नाही, आणि मालक म्हणतो यंदा गाय साधली नाही. माझी दूध संघांना विनंती आहे. फॅट मोजण्याचं यंत्र गावोगावच्या संकलन केंद्रात पोचलंच आहे. त्याच टेबलावर रोथेराच्या भुकटीची एक डबी ठेवा, आणि धार काढणाऱ्या बायकांना ती वापरायला शिकवा. व्याल्यापासून तीन आठवड्यांत प्रत्येक गाईचं मूत्र दोनदा तपासलं जाऊ द्या. आणि ज्याच्या गाईची फॅट व्याल्यानंतर अचानक चढते, त्याला पावती देताना एवढंच विचारा, की गाय पेंड खाते का.